ठेव

हिरोशिमात पहिली ओळख निघाली ती कण्हेरीशी. ट्रामच्या रुळांकडेला, नदीच्या काठाने, शाळेच्या कुंपणाला लागून, जिथं पाहावं तिथं गुलाबी-पांढरी कण्हेर, जूनअखेरच्या पावसात निथळत उभी. आपल्याकडे हे झाड हमरस्त्याच्या दुभाजकावर धूर खात असतं, नाहीतर सकाळी परडीतून देवाकडे जातं. इथं ते 1973 पासून शहराचं फूल आहे. बॉम्बनंतर या मातीत 75 वर्षं गवताची काडी उगवणार नाही असं लोक बोलत होते, आणि त्या जळक्या मातीतून जी झाडं लवकर फुलली त्यांत कण्हेर होती.

"मावशी, उतरायचंय," भाचीनं दंडाला धरून उठवलं. ती ओसाकाला नोकरी करते, जपानी सराईतपणे बोलते. मी पुण्याची. वस्तुसंग्रहालयांची दालनं मांडून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा व्यवसाय. कुठली वस्तू कुठं ठेवायची, तिच्यावर उजेड किती पाडायचा, पाटीवर काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे माझं काम. त्यामुळे इथं मी भाविकासारखी आले होते आणि कारागिरासारखीही. दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे ठेवणं जमेल का याची धास्ती होती.

ट्राममधून उतरलं की समोरच गेनबाकु डोम. यान लेत्झेल या चेक वास्तुरचनाकारानं बांधलेली, 1915 साली पुरी झालेली ही इमारत औद्योगिक मालाच्या प्रदर्शनासाठी होती. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी सव्वाआठला तिच्या जवळजवळ डोक्यावरच, जमिनीपासून सुमारे 600 मीटरवर बॉम्ब फुटला. दाब वरून आल्यामुळे काही भिंती उभ्या राहिल्या आणि घुमटाचा लोखंडी सांगाडा वर तसाच राहिला. हे अवशेष पाडावेत, डोळ्यांसमोर नकोत, असं म्हणणारे बरेच लोक गावातच होते. ज्यांची माणसं गेली त्यांनी तसं म्हणावं यात नवल नाही. 1966 साली नगरसभेनं ते जपायचा ठराव केला, आणि 1996 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

मी कठड्याला टेकून बराच वेळ ते काम पाहत राहिले. हो, काम. पडकी भिंत पडकी ठेवणं हे नवी बांधण्याहून अवघड असतं. आतून पोलादी टेकू दिलेत, भेगांमध्ये राळ भरली आहे, आणि हे सगळं इतकं मागे राहून केलंय की बघणाऱ्याला दिसतो तो फक्त त्या सकाळचा घाव. ढासळणं तेवढं थांबवायचं, त्या सकाळनं जे केलं त्याला हात लावायचा नाही. पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या विटांच्या बाबतीत हे साधायचं म्हणजे दर काही वर्षांनी डॉक्टरसारखी नाडी बघत राहावी लागते.

पूल ओलांडून आम्ही शांतिस्मृती उद्यानात आलो. हिरवळ, कापराची उंच झाडं, पिवळ्या टोप्या घालून रांगेत चाललेली शाळकरी मुलं. मला वाटलं होतं की ही जागा आधीपासून बागेचीच असणार. भाचीनं फलक वाचला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, ही नाकाजिमा नावाची वस्ती होती. दुकानं, घरं, देवळं. चार हजारांहून जास्त माणसं राहत होती." बागेखाली मातीचा भराव आहे. भरावाखाली उंबरठे आहेत. संग्रहालयाच्या मुख्य इमारतीला भूकंपासाठी मजबुती द्यायची म्हणून खणलं तेव्हा खाली त्या वस्तीचं जळकं अंग लागलं. 2022 पासून उद्यानात एका छोट्या दालनात खोदकामातला तसा एक तुकडा बघता येतो: जुना रस्ता, जळालेल्या फळ्या, कोळसा झालेल्या तातामी चटया. चटईची वीण कोळशातही दिसते. पंढरीच्या वाटेवर किंवा गावदेवीच्या जत्रेत आपण जागेला पाय लावण्याआधी वाकतो, तसं त्या काचेपुढं मी नकळत वाकले.

संग्रहालयाची इमारत केन्झो तांगेची. 1949 च्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडला गेला आणि ऑगस्ट 1955 मध्ये संग्रहालय उघडलं. मुख्य इमारत खांबांवर उचललेली आहे, खालून वारा आणि माणसं दोन्ही आरपार जातात. त्या खांबांमधून सरळ बघितलं की समोर स्मृतिचिन्हाची कमान, आणि कमानीतून पलीकडे, नदीपार, डोम. एकाच रेषेत तीन गोष्टी. देवळात नंदीच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घेतात ना, तशी ही रेष. वास्तुरचनाकारानं जागा बांधण्याच्या आधी नजर बांधली होती.

तिकीट 200 येन. सरकता जिना चढून वर गेलं की आधी जुनं हिरोशिमा भेटतं, बॉम्बच्या आधीचं: गल्ल्या, खेळणारी मुलं, दुकानांच्या पाट्या. मग शहराची एक पांढरी, गोल, सपाट प्रतिकृती. तिच्यावर वरून प्रकाशानं चित्र पडतं. नद्या, पूल, कौलांची दाटी, वरून टिपल्यासारखी. मग एक ठिपका खाली येतो, पांढरं होतं, आणि कौलं नसतात. आवाज फारसा नाही. आसपास उभी असलेली दहा-बारा वर्षांची मुलं एकमेकांना ढोसत होती, ती थांबली.

तिथून मुख्य इमारतीत जाताना अंधार सुरू होतो. समोर एका लहान मुलीचा मोठा फोटो आहे, हाताला पट्टी, डोळे सरळ आपल्याकडे. त्या फोटोपासून पुढं पाटीवरची अक्षरंही मंद होतात.

या अंधाराचं एक साधं कारण मला ठाऊक आहे, कारण रोजच्या कामात तेच सांभाळावं लागतं. सुती कापडावर, रंगवलेल्या धाग्यावर 50 लक्सहून जास्त उजेड पाडू नये असा आमच्या व्यवसायातला नेम आहे. कापडाला झालेली उजेडाची इजा साठत जाते, परत भरून येत नाही. आठवड्याचे सहा-सात दिवस लख्ख दिव्याखाली ठेवलेला सदरा काही वर्षांत स्वतःच विटून संपतो. म्हणजे इथला काळोख वातावरणनिर्मितीसाठी म्हणून नंतर आणलेला नाही. त्या कपड्यांना जपायचं तर त्यांना एवढाच उजेड देता येतो. हे समजल्यावर मला तिथं चाचपडत चालणं वेगळं वाटायला लागलं. घरात बाळ निजलेलं असताना आपण दिवा झाकून वावरतो, तसं.

मधोमध मोठ्या चौथऱ्यावर कपडे मांडलेत. जळके, फाटके, रक्त आणि धुरानं तपकिरी पडलेले. बहुतेक बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचे. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी घरं पाडून आगीसाठी मोकळे पट्टे करण्याचं काम चालू होतं आणि त्यासाठी शाळांमधली मुलं जुंपली होती, सुमारे 8,000. उघड्यावर, उन्हात, बॉम्बखाली. त्यांतली जवळजवळ 6,000 मेली. सदऱ्यांच्या छातीवर कापडी पट्ट्या शिवल्या आहेत: नाव, शाळा, रक्तगट. आपल्या लेकराचा चेहरा ओळखू येत नव्हता तेव्हा आयांनी या पट्टीवरून, पट्ट्याच्या बक्कलवरून, स्वतः घातलेल्या टाक्यावरून ओळख पटवली.

इथं मला एका गोष्टीचा उलगडा व्हायला लागला. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर वस्तूचं वर्णन फार थोडं आहे. नाव, वय, त्या वेळी कुठं होता, कधी गेला, कुणी शोधलं, आणि शेवटी ही वस्तू कुणी दिली. 'कुणी दिली' ही ओळ जवळजवळ कुठंच चुकलेली नाही. आमच्याकडे देणगीदाराचं नाव दारातल्या संगमरवरावर एकदाच कोरलं जातं. इथं ते प्रत्येक सदऱ्याखाली आहे. आई. भाऊ. बहीण. अशा वस्तूला जपानीत 'इहिन' म्हणतात, भाचीनं सांगितलं: गेलेल्यानं मागे ठेवलेलं. मला मराठीत त्याला एकच शब्द सुचला, ठेव. आणि ठेव ज्याच्याकडे ठेवतात तो तिचा मालक नसतो.

डबा पाहिला. पत्र्याचा, आपल्या शाळेच्या डब्यासारखाच लांबट चौकोनी, थोडा चेपलेला. आत काळं काहीतरी. पाटीवर: भात, त्यात जव आणि सोयाबीन, बटाटा आणि मुळ्याची परतलेली भाजी. घरातली मोठी माणसं लढाईवर होती, आईनं नव्यानं लावलेल्या तुकड्यातलं ते पहिलं पीक. पहिलीच भाजी म्हणून मुलगा सकाळी खुशीत घराबाहेर पडला होता. आई तीन दिवस शोधत होती. सापडला तेव्हा डबा पोटाशी होता, न उघडलेला. 

डब्याशेजारी कोळसा झालेल्या भाताच्या चवीबद्दल, भुकेबद्दल, युद्धाबद्दल एक शब्द नाही. मी असते तर लिहिला असता. माझा हात आवरला नसता, हे मला तिथं उभं राहून कळलं. ज्या मुलांच्या आया रोज सकाळी डबा भरतात त्यांना डब्याबद्दल वेगळं काय सांगायचं? भाची बाजूला झाली होती. ती रोज डबा तसाच परत आणायची म्हणून तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, ओरडा खायची. मी तिला काही विचारलं नाही.

तीनचाकी सायकल पुढच्या बाजूला आहे. गंजलेली, चाकांच्या जागी नुसते आरे उरलेले. चौथं वर्ष पुरं व्हायला एक महिना बाकी असलेला मुलगा ती दारात चालवत होता. रात्री गेला. बापाला एवढ्याशा पोराला एकटं दूरच्या स्मशानात ठेवणं जमेना, म्हणून त्यानं त्याला परसात पुरलं, शेजारच्या मैत्रिणीबरोबर, आणि सायकलही खड्ड्यात ठेवली. 1985 मध्ये, चाळीस वर्षांनी, अस्थी कुटुंबाच्या थडग्यात न्यायच्या म्हणून खणलं आणि सायकल वर आली. बापानं ती इथं आणून दिली.

माणूस गेलं की त्याचे कपडे आपण घरात ठेवत नाही. वाटून टाकतो, नाहीतर पाण्यात सोडतो. पण गेलेल्या लहान मुलाचं अंगडं-टोपडं मात्र ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांबरोबर राहतं. घरात सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. हिरोशिमातल्या आयांनी तेच केलं. कितीतरी वस्तू तीस-चाळीस-पन्नास वर्षं कपाटात होत्या. आणि मग स्वतःचं वय झालं, आपल्यामागं हे कोण सांभाळेल हा प्रश्न पडला, तेव्हा त्या इथं आल्या. अजूनही दरवर्षी येतात. संग्रहात सुमारे 20,000 वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या काही शे. कापडं आलटून पालटून बाहेर काढतात, बाकीची अंधारात विसावा घेतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इथं नसलेल्या वस्तूनं. 2017 पर्यंत या संग्रहालयात तीन पुतळे होते. एक बाई, एक विद्यार्थिनी, एक लहान मुलगा; जळत्या ढिगाऱ्यातून पुढं हात करून चाललेले, हातांवरून कातडी लोंबणारी. आधी 1973 मध्ये मेणाचे, मग 1991 मध्ये प्लास्टिकचे. ज्यांनी ते लहानपणी पाहिले त्या जपानी माणसांना ते आयुष्यभर आठवतात. ते काढायचे ठरल्यावर शहरात मोठा वाद झाला. काहींनी सह्या गोळा केल्या, हे काढू नका, मुलांना धक्का बसायलाच हवा म्हणून. आणि बॉम्बमधून वाचलेल्यांपैकी, ज्यांना तिथं हिबाकुशा म्हणतात त्यांच्यापैकी, काहींचं म्हणणं होतं की खरं दृश्य याहून कितीतरी भयंकर होतं, हे पुतळे फार स्वच्छ आहेत. संग्रहालयानं अखेर ठरवलं की यापुढं खऱ्या वस्तू दाखवायच्या.

हे वाचताना माझे कान तापले. काही वर्षांपूर्वी मी एका स्मृतिदालनात फायबरचे जखमी सैनिक उभे केले होते. जखमांचा रंग मी स्वतः कालवला होता, वाळल्यावर काळा पडू नये म्हणून त्यावर चकाकी चढवली होती. उद्घाटनानंतर आठ दिवसांनी गेले तर लोक त्या पुतळ्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. मी लोकांवर चिडले होते. हिरोशिमात, त्या तीन पुतळ्यांच्या रिकाम्या जागेचा विचार करताना, चिडण्यासारखं लोकांनी काही केलं नव्हतं हे मला पटलं. पुतळा कुणाचाच नव्हता. त्याला नाव नव्हतं, आई नव्हती. त्याच्या खांद्यावर हात टाकायला कुणाला काय वाटणार? या सदऱ्यांपुढं फोटो काढायला मोबाइल वर केलेली माणसं मी पाहिली, आणि पाटी वाचून झाल्यावर तो खाली करणारीही पाहिली.

किती दाखवायचं हा प्रश्न बॉम्बच्या दिवशीच पडला होता. योशितो मात्सुशिगे हा इथल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. त्या दिवशी मियुकी पुलावर भाजलेल्या शाळकरी मुलांच्या घोळक्यापुढं तो कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि बराच वेळ त्याला बटण दाबवेना. मग दाबलं. दिवसभर फिरून त्याचे पाचच फोटो उरले, आणि त्या दिवशी शहराच्या आत माणसं कशी होती हे दाखवणारं जवळजवळ तेवढंच आहे. मोठे करून लावलेले ते फोटो बघताना मी फोटोतल्या मुलांइतकीच त्या न दाबलेल्या मिनिटांपुढंही उभी होते.

बाकीचं लोकांनी हातानं काढलं. 1974 मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ स्वतः काढलेलं एक चित्र घेऊन एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात गेले. केंद्रानं आवाहन केलं आणि दोन वर्षांत 2,000 हून अधिक चित्रं जमली. काढणारे कुणी चित्रकार नव्हते. पेन्सिल, खडू, नातवंडांचे रंग. एका चित्रात नदी आहे आणि नदीत माणसं आहेत, आणि काठावर कोपऱ्यात अक्षरं: मी हाक मारली, पण थांबलो नाही. मी भाचीला पुन्हा वाचायला लावलं. मापाची, नीट उभी-आडवी रेषा शिकलेल्या माणसाला हे असं काढता आलं नसतं.

आणि ती दगडी पायरी. बॉम्बच्या खालच्या बिंदूपासून 260 मीटरवर एका बँकेच्या दारात कुणीतरी सकाळी बँक उघडायची वाट बघत बसलं होतं. उष्णतेनं पायऱ्यांचा दगड पांढुरका झाला, माणूस बसला होता तेवढा भाग गडद राहिला. 1971 मध्ये पायऱ्या कापून इथं आणल्या. ती सावली आता काचेमागं आहे आणि वर्षांगणिक फिकी होत चालली आहे. आपल्या माणसाची ती आहे असं एकाहून जास्त कुटुंबांनी सांगितलं. मी काचेची जाडी, दगडावरच्या दिव्याचा कोन, हे सगळं बघायला खाली वाकले होते. मग ते बघणं सोडून दिलं.

या संग्रहाची सुरुवात एका भूगर्भशास्त्रज्ञानं केली, शोगो नागाओका. बॉम्बच्या दुसऱ्या दिवशी तो शहरात शिरला आणि एका देवळाच्या आवारात दगडाचा वितळून खरखरीत झालेला पृष्ठभाग त्याच्या हाताला लागला. ही आग साधी नाही हे त्याला हातानं कळलं. तेव्हापासून तो दगड, कौलं, बाटल्या गोळा करत राहिला, घर भरून गेलं. 1955 मध्ये तोच पहिला संचालक झाला. हे वाचताना मला पुण्याचे दिनकर केळकर आठवत होते. बाजीराव रस्त्यावरचं त्यांचं संग्रहालय आम्ही शाळेत असताना पाहिलं ते दिवे आणि अडकित्ते बघायला म्हणून. दारावरच्या नावातला 'राजा' हा त्यांचा लहानपणी गेलेला मुलगा, हे मला फार उशिरा कळलं. युद्धाशी त्याचा संबंध नाही. पण एका गेलेल्या पोराच्या नावानं हजारो घरांतल्या फण्या, करंडे, दौती जपणारा बाप आमच्याच गावात होता, आणि मी दालनं मांडायचं शिक्षण घ्यायला किती लांब गेले होते.

संग्रहालयाचा पुढचा प्रवास सरळ नाही. 1956 मध्ये याच इमारतीत अणुशक्तीच्या शांततामय वापराचं अमेरिकी प्रदर्शन भरलं होतं आणि त्यासाठी नागाओकांनी जमवलेल्या वस्तू काही आठवडे बाहेर हलवल्या होत्या. ते मी तीनदा वाचलं. ज्या खोलीत वितळलेली कौलं होती तिथं भविष्याची यंत्रं. परत आल्यावरही काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी होतं. दुसरी गोष्ट, हिरोशिमा हे लष्करी शहर होतं, इथून सैन्य आशियात जात होतं, हे आत यायला 1994 उजाडावं लागलं. आज ते पूर्वेच्या इमारतीत, शेवटी आहे. कोरियातून आणलेले कामगार, अमेरिकी युद्धकैदी, आग्नेय आशियातून शिकायला आलेली मुलं यांच्या मृत्यूची नोंदही आहे. पण शेवटी पोहोचेपर्यंत माणूस सोललेला असतो. लोक तिथून भरभर जात होते. मला हे त्या मांडणीतलं उणं वाटलं, आणि ते सोडवणं सोपं नाही हेही कळत होतं. सदरा आणि नकाशा एका खोलीत नांदत नाहीत.

अंधार संपतो तो एकदम. मुख्य इमारतीतून बाहेर पडताना एक लांब ओसरी लागते आणि तिच्या एका अंगाला पूर्ण काच. खाली हिरवळ, कमान, डोम, तीच रेष, आता वरून. ओल्या उजेडानं डोळे दिपले. बाकावर माणसं नुसती बसली होती. कुणी रडत होतं, कुणी छत्री नीट मिटत होतं. मांडणी करणाऱ्यानं इथं एकही वस्तू ठेवलेली नाही. फक्त बाकं, आणि अभिप्राय लिहायच्या वह्या. मी वही उघडली, चार भाषांतली अक्षरं चाळली, आणि मिटून ठेवली.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, चहा घेऊ या आधी." मी मान हलवली, पण पाय कमानीकडे गेले. कमान बुटकी आहे, घोड्याच्या खोगीरासारखी, गेलेल्यांवर पाऊस पडू नये म्हणून छप्पर धरल्यासारखी. खाली दगडी पेटी, तिच्यावर एक ओळ. झोपा शांतपणे, ही चूक पुन्हा होणार नाही, अशा अर्थाची. कुणाची चूक, कोण म्हणतंय, ते वाक्यात नाही. जपानीत कर्ता गाळता येतो. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातले आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल 1952 मध्ये इथं आले तेव्हा त्यांनी यावर बोट ठेवलं होतं की बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग माफी कुणी कुणाची मागायची. मराठीतही ते वाक्य कर्त्याशिवाय उभं राहतं. मी दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिलं.

तिथं एक आजी माहिती सांगायला उभ्या होत्या, स्वयंसेवक. भाचीच्या मदतीनं मी माझा व्यवसाय सांगितला आणि विचारलं की या पेटीत काय आहे. नावं, त्या म्हणाल्या. वह्या. त्या दिवशी गेलेले आणि नंतर गेलेले हिबाकुशा; दरवर्षी 6 ऑगस्टला नवी नावं लिहून आत ठेवतात. 3,40,000 हून जास्त झालीत.

"दमट हवा आहे इथली," मी म्हटलं. कागदाची काळजी ही माझी सवय.

आजी हसल्या. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, त्या वह्या बाहेर काढतात. नगरपालिकेची माणसं सकाळी सव्वाआठला उभं राहून मौन पाळतात, मग पांढरे हातमोजे घालून एकेक पान उलटतात, बुरशी लागू नये म्हणून, वारा लागावा म्हणून.

माझी आजी आषाढाच्या आधी पोथ्यांना ऊन दाखवायची, अंगणात पांढऱ्या पंचावर. आम्हा मुलांना तिथं धावायची बंदी असायची. मी हे भाचीला सांगितलं, भाचीनं आजींना. त्यांनी मान डोलावली, आणि मग बोट वर करून अजून काहीतरी म्हणाल्या. भाचीला ते जुळवायला थोडा वेळ लागला.

"मावशी, त्या म्हणतायत, त्यातली एक वही ज्यांची नावं कधी कळलीच नाहीत त्यांची आहे. तिच्यात नावं नाहीत. पण तिलाही बाहेर काढतात."